येलहंका ते देवळाली : पेयाच्या आवडीची भाषा आणि मराठी-कन्नड साहित्य

१

मराठेशाहीच्या इतिहासात येलहंका हे नाव थेट येत नाही, पण त्याची सावली तेथे पडलेली आहे. ज्या केंपेगौडाने १५३७मध्ये बेंगळुरूची पेठ वसविली असे परंपरा सांगते, तो येलहंका नाडप्रभूंच्या घराण्यातील होता. त्याच्या वंशजाकडून १६३८मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने बेंगळुरू घेतले आणि तो मुलूख पुढे शहाजीराजांच्या जहागिरीत आला. शहाजीराजांच्या दरबारातील बहुभाषिक वातावरणाची साक्ष जयराम पिंड्ये यांचा ‘राधामाधवविलासचंपू’ देतो. वि. का. राजवाडे यांनी १९२२मध्ये तो संपादून प्रसिद्ध केल्यापासून मराठी अभ्यासकांना बेंगळुरूचे हे रूप परिचयाचे आहे. एका भाषेतील माणसाने दुसऱ्या भाषेच्या मुलखात राहावे आणि आपल्या रुचीचे वर्णन दोन्ही भाषांच्या सरहद्दीवर उभे राहून करावे, ही येथील जुनीच रीत म्हणावी लागेल.

आज येलहंका हे बेंगळुरू महानगराचे उत्तरेकडील उपनगर आहे. वायुसेनेचा तळ, रेल्वेचा चाकांचा कारखाना आणि २००८मध्ये सुरू झालेल्या विमानतळाकडे जाणारा हमरस्ता यांनी त्याचा चेहरा घडविला आहे. माहिती तंत्रज्ञानाच्या नोकऱ्यांनिमित्त पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर येथून आलेली मराठी कुटुंबे महानगराच्या इतर भागांप्रमाणे या उत्तर भागातही स्थिरावली आहेत. २०१० नंतरच्या काळात ज्या शहरात बिअर जागेवरच तयार करून विकणारी ब्रू-पब मोठ्या संख्येने उभी राहिली, त्या शहरात ही कुटुंबे राहतात. अशा ठिकाणच्या पत्रकावर पेयाचे केवळ नाव आणि किंमत नसते. ते कोणत्या धान्याचे आहे, किती कडू आहे, त्याला कशाचा गंध आहे आणि त्यात मद्यार्काचे प्रमाण किती आहे, हेही लिहिलेले असते. ‘तुला यातली कोणती आवडते?’ हा प्रश्न तेथे सहज विचारला जातो.

प्रस्तुत निबंधाचा विषय हा प्रश्न आणि त्याचे उत्तर हा आहे. मद्यपान योग्य की अयोग्य, हा वाद येथे प्रस्तुत नाही. पेयाविषयीची वैयक्तिक आवड सांगण्यासाठी मराठी भाषेने कोणती शब्दसामग्री राखली, कोणती गमावली आणि त्यामागे कोणती ऐतिहासिक कारणे होती, याचा शोध येथे घ्यावयाचा आहे. शेजारच्या कन्नड साहित्याशी तुलना केल्याखेरीज या शोधाला आकार येत नाही. मराठीत पिणाऱ्याविषयी पुष्कळ बोलले गेले. पिणारा स्वतः काय चाखतो, हे मात्र क्वचितच बोलले गेले, असे या तुलनेतून दिसते.

२

बिअर बेंगळुरूत आली ती लष्करी छावणीबरोबर. १८०९मध्ये छावणी वसली आणि तिच्याबरोबर गोऱ्या सैनिकांची पेयाची मागणीही आली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निलगिरीच्या थंड पठारावर आणि बेंगळुरूत बिअरचे कारखाने निघाले. दक्षिणेतील असे पाच लहान कारखाने एकत्र करून थॉमस लीशमन या स्कॉटिश गृहस्थाने १९१५मध्ये ‘युनायटेड ब्रुअरीज’ ही कंपनी स्थापन केली. १९४७मध्ये विठ्ठल मल्ल्या तिचे पहिले भारतीय संचालक झाले, आणि १९७८मध्ये ‘किंगफिशर’ हे नाव बाजारात आले. १९८०च्या दशकात बेंगळुरूची जी ‘पब’ संस्कृती देशभर गाजली, तिच्या मागे हा कारखानदारीचा इतिहास आहे.

कारखान्यातील बिअर बहुतांशी ‘लागर’ जातीची असते. मोड आणून वाळविलेल्या जवाचा काढा करावयाचा, त्यात हॉप या वेलीची कडू फुले उकळावयाची, मग थंड ठिकाणी तळाशी बसणाऱ्या यीस्टने तो सावकाश आंबवावयाचा, अशी तिची कृती. परिणाम स्वच्छ, सौम्य आणि सर्वत्र एकसारखा. या एकसारखेपणातच तिचे व्यापारी बळ आहे. परंतु जेथे चव एकसारखी तेथे आवड ही चवीची राहत नाही. ती छापाची आणि सवयीची होते. भारतात तिला आणखी एक वळण लागले. अनेक राज्यांत बिअरवरील कर मद्यार्काच्या नेमक्या प्रमाणाशी बांधलेला नसल्याने त्याच पैशात अधिक चढणारे पेय ग्राहकाला परवडू लागले आणि ‘स्ट्राँग’ ही जात बाजारात वरचढ ठरली. महाराष्ट्रात बिअरच्या दुकानात विचारला जाणारा प्रश्न ‘माइल्ड की स्ट्राँग?’ असा असतो. हा प्रश्न परिणामाचा आहे, रुचीचा नाही.

ब्रू-पबने हा प्रश्न बदलला. कर्नाटकाने २०१०च्या सुमारास अशा लहान उत्पादकांसाठी परवान्याची वाट मोकळी केली, आणि २०११मध्ये बेंगळुरूत ‘द बिएर क्लब’ सुरू झाला. पाठोपाठ इंदिरानगरातील ‘टॉइट’, २०१२मध्ये व्हाइटफील्डचे ‘विंडमिल्स’ अशी नावे आली, आणि पुढील दशकात उत्तर बेंगळुरूच्या मोकळ्या जागांवर प्रशस्त ब्रू-पब उभी राहिली. येथे जर्मन धर्तीची गव्हाची बिअर मिळते, तिला हॉपपेक्षा यीस्टचा गंध अधिक. बेल्जियन धर्तीच्या गव्हाच्या बिअरमध्ये धणे आणि संत्र्याची साल असते. ‘स्टाउट’ करपवलेल्या जवामुळे काळी आणि कॉफीसारखी लागते. एकाच टेबलावर चार माणसे चार जातींची बिअर घेतात आणि प्रत्येकाला आपल्या निवडीचे कारण देता यावे अशी अपेक्षा असते. पेयाचा आस्वाद ही अशा रीतीने भाषिक कृती बनते. काव्याच्या आस्वादाप्रमाणेच तिलाही परिभाषा लागते.

३

ही परिभाषा भारतीय परंपरेत कधी नव्हती, असे मानणे चुकीचे होईल. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील सुराध्यक्षाच्या प्रकरणात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु अशी पेयांची वर्गवारी आहे, त्यांच्या कृती आहेत आणि द्राक्षाच्या पेयाला तर कापिशायन, हारहूरक अशी प्रदेशावरून पडलेली नावे आहेत. पेयाला त्याच्या गावावरून ओळखणे ही जी रीत आज युरोपची म्हणून सांगितली जाते, तिचा हा जुना भारतीय दाखला. जेम्स मॅक्ह्यू यांनी २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या सामग्रीचा विस्ताराने अभ्यास केला आहे. ‘सुरा’ हे मुळात धान्यापासून, आंबवणाऱ्या किण्वाच्या साहाय्याने तयार होणारे पेय होते, म्हणजे ते आजच्या अर्थाने बिअरच्या जवळचे होते, हे त्यांच्या विवेचनातून स्पष्ट होते.

मराठी अभ्यासकाला याहून जवळचा ग्रंथ म्हणजे कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’. ११२९च्या सुमारास रचलेल्या या ग्रंथात मराठी पदरचनेचे अगदी प्राचीन नमुने सापडतात, म्हणून भाषेच्या इतिहासात त्याचे स्थान आहे. त्याच ग्रंथात राजाच्या उपभोगांचे आणि क्रीडांचे वर्णन करताना भोजन, पाणी आणि मद्यपान यांनाही जागा दिली आहे. कल्याणी हे आजच्या कर्नाटकात, मराठी आणि कन्नड यांच्या सीमेवर. तेव्हा दोन्ही भाषांच्या पूर्वपीठिकेत पेयाच्या भेदांची जाण होती, एवढे निश्चित म्हणता येते.

अर्थात ही जाण राजदरबाराची आणि शास्त्राची होती. स्मृतिग्रंथांनी ब्राह्मणाला सुरा निषिद्ध ठरविली होती आणि धर्मशास्त्रात सुरापान महापातकांत गणले जाई. आस्वादाची परिभाषा आणि निषेधाची परिभाषा शेजारीशेजारी नांदत होत्या. मराठीच्या वाट्याला त्यांतील दुसरी प्रामुख्याने आली, ती आधुनिक काळातील घडामोडींमुळे.

४

‘दारू’ या शब्दाची कुळकथा येथे लक्षात घेण्याजोगी आहे. फार्सीत तो औषधाचा वाचक. मराठीत आला तेव्हा त्याने मद्य आणि स्फोटक भुकटी असे दोन अर्थ घेतले. ‘दारूगोळा’ आणि ‘दारूचा गुत्ता’ या दोहोंत शब्द एकच. औषध मात्र मागे पडले. जो पदार्थ घराला आग लावतो त्याचे आणि जो घर उद्ध्वस्त करतो त्याचे नाव मराठीने एकच ठेवले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुधारकांना हे रूपक वेगळे घडवावे लागले नाही.

त्या काळी सुधारकांपुढे प्रश्न होता तो अबकारीचा. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने गावठी मद्यनिर्मितीवर सरकारचे आणि मक्तेदारांचे नियंत्रण घट्ट केले. मद्य हा सरकारी महसुलाचा मोठा झरा झाला. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना महात्मा जोतीराव फुले यांनी १८८०मध्ये दारूच्या दुकानांची संख्या वाढत असल्याबद्दल अध्यक्षांकडे लेखी आक्षेप नोंदविला. १९०८मध्ये पुण्यात दारूच्या दुकानांवर निरोधन झाले आणि त्या चळवळीला लोकमान्य टिळकांचे पाठबळ होते. सामाजिक प्रश्नांवर परस्परविरोधी बाजूंना उभ्या असलेल्या दोन प्रवाहांचे दारूविषयी एकमत होते, ही गोष्ट सामान्य नव्हे. या एकमताने मराठी सार्वजनिक भाषेत मद्याची जागा ठरून गेली. ते राज्यकर्त्यांचे शोषण होते आणि घराचा नाश होता. त्याच्या चवीविषयी बोलणे हे या दोन्ही आरोपांना उत्तर न देता पळ काढण्यासारखे ठरले असते.

रंगभूमीने ही जागा पक्की केली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘विद्याहरण’ या १९१३च्या नाटकात शुक्राचार्यांचे मद्यपान हे विद्येच्या हानीचे कारण ठरते. राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ गंधर्व नाटक मंडळीने १९१९मध्ये, लेखकाच्या निधनानंतर थोड्याच दिवसांत, रंगभूमीवर आणले. सुधाकर हा बुद्धिमान वकील एका अपमानाच्या क्षणी तळीरामाच्या सांगण्यावरून पहिला प्याला घेतो आणि त्याचा, सिंधूचा आणि त्यांच्या मुलाचा विनाश होतो. नाटकाचे नावच या चर्चेच्या दृष्टीने बोलके आहे. ‘एकच’ ही गणती आहे आणि ‘प्याला’ हे भांडे आहे. आतील पेयाला नाव नाही, रंग नाही, गंध नाही. नाटकाच्या नैतिक रचनेला त्याची गरजही नाही, कारण कोणतेही पेय चालेल. पहिला प्याला आणि शेवटचा प्याला यांत अंतर नाही, हाच त्या नाटकाचा सिद्धान्त आहे.

तळीरामाच्या ‘आर्य मदिरा मंडळा’ची योजना मात्र अधिक गुंतागुंतीची आहे. या मंडळात पिणारे बोलतात, भरपूर बोलतात, आणि प्रेक्षक हसतो. परंतु ते जे बोलतात ते पिण्याच्या समर्थनाचे तर्कट आहे. सभा-संमेलनांच्या भाषेचे विडंबन करीत ते मद्यपानाला तत्त्वज्ञान पुरवितात. चवीविषयी त्यांच्याजवळही सांगण्यासारखे काही नाही. मराठी नाटकातील सर्वांत वाचाळ पिणारे देखील पेयाविषयी मुके आहेत, हे निरीक्षण गडकऱ्यांच्या प्रतिभेला उणेपणा आणणारे नाही. त्यांच्या काळाने मद्याविषयी जे बोलू दिले, त्याची ती कमाल मर्यादा होती.

स्वातंत्र्यानंतर कायद्याने या मौनाला चौकट दिली. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याने मद्यपान परवान्याशिवाय अपराध ठरविले. १९६०च्या दशकात अंमलबजावणी सैल झाली, तरी परवान्याची कल्पना टिकून राहिली. या परवान्याचे कारण ‘आरोग्याचे रक्षण व जतन’ असे असते. व्यक्तीला एखादे पेय आवडते, हे कारण कायद्याला मान्य नाही; ते तिला औषध म्हणून लागते, एवढेच मान्य आहे. ‘दारू’ या शब्दाने फार्सीतून येताना टाकून दिलेला अर्थ अशा रीतीने सरकारी कागदावर परत आला.

५

नेमक्या याच काळात, बेंगळुरू-म्हैसूरच्या कन्नडात एक निराळी घटना घडत होती. १९३०च्या दशकात जी. पी. राजरत्नम् यांनी ‘रत्न’ नावाचा पिणारा निर्माण केला. कन्नड वाचक त्याला ‘एंडकुडुक रत्न’ म्हणून ओळखतो. ‘हेंड’ म्हणजे ताडी. ग्रामीण म्हैसुरी बोलीत आरंभीचा ह-कार गळून तिचे ‘एंड’ होते, आणि कवीने शब्द त्याच रूपात घेतला. राजरत्नम् हे प्राध्यापक, बौद्ध आणि जैन वाङ्मयाचे अभ्यासक आणि मुलांचे आवडते कवी. त्यांनी रत्नाला प्रमाण कन्नड बोलू दिले नाही. ‘रत्नन पदगळु’ या नावाने प्रसिद्ध असलेली ही पदे पुढे म्हैसूर अनंतस्वामी यांच्यासारख्या गायकांच्या कंठातून घरोघरी गेली.

रत्न आणि सुधाकर यांची तुलना अनेक दृष्टींनी उद्बोधक ठरते. सुधाकर सुशिक्षित, रत्न निरक्षर. सुधाकराची भाषा अलंकृत, रत्नाची रस्त्यावरची. सुधाकर पितो तो अपमान विसरण्यासाठी. रत्न पितो कारण त्याला एंड आवडते. सुधाकराच्या पत्नीला नाटकभर सोसावे लागते. रत्नाची पुट्नंजी ही त्याच्या पदांत प्रेमाचा विषय आहे. एंड, बायको आणि कन्नड पदे ही त्याच्या जिवाची तीन स्थाने आहेत. त्यांतील काय सोडशील, असा प्रसंग देवानेच आणला तेव्हा रत्नाने लावलेली क्रमवारी ही पदांतील सर्वांत गाजलेली जागा आहे. पेय सोडता येते, भाषा सोडता येत नाही. आवडींना क्रम असतो आणि तो क्रम सांगण्याचा अधिकार पिणाऱ्यालाच असतो, हे येथे गृहीत धरलेले आहे.

असा पिणारा मराठीत का झाला नाही? मराठी कवींना मद्याची प्रतिमा वर्ज्य नव्हती. माधव जूलियन यांनी फार्सीच्या व्यासंगातून उमर खय्याम मराठीत आणला. १९३१चा ‘द्राक्षकन्या’ हा त्या खटाटोपाचा भाग. बेंगळुरूचे डी. व्ही. गुंडप्पा यांनी जवळपास त्याच काळात ‘उमरन ओसगे’ या नावाने खय्यामला कन्नडात आणले. विदर्भात भाऊसाहेब पाटणकर यांनी पुढे मराठी शायरीत मदिरेला आणि मैफलीला स्थान दिले. परंतु या सर्व काव्यात मद्य हे संकेत म्हणून येते. ते क्षणभंगुर जीवनाचे, प्रेमाचे, कधी ईश्वराचे चिन्ह असते. खय्यामच्या प्यालातील द्राक्षरसाची चव कशी आहे, असा प्रश्न वाचक विचारीत नाही. रत्नाचे एंड चिन्ह होण्याआधी एंडच असते. ते झाडावरून उतरते, मडक्यात फेसाळते, विशिष्ट दुकानात मिळते.

याचे एक कारण प्रादेशिक असावे. मराठी साहित्याचे केंद्र पुणे-मुंबईत होते आणि तेथेच निषेधाची चळवळ आणि पुढे बंदीचा कायदा अधिक प्रभावी होता. मराठी रसिकतेचा मोकळा प्रवक्ता जेव्हा रंगभूमीवर आला, तेव्हा तो इंदूरचा निघाला, हे येथे आठवते. पु. ल. देशपांडे यांच्या १९५७च्या ‘तुझे आहे तुजपाशी’ या नाटकातील काकाजी देवासकर हा माळव्यातील संस्थानी संस्कृतीचा वारस आहे. आचार्यांच्या विरक्तीच्या समोर आस्वादाची बाजू मांडावयाची, तर ती मुंबई राज्याच्या सरहद्दीबाहेरच्या मराठी माणसाच्या तोंडी घालावी लागली.

६

बिअरच्या नव्या पत्रकांत भूगोलाने केलेले असे प्रवास आणखीही दिसतात. त्यांतील दोन शब्द मराठी अभ्यासकाच्या विशेष आस्थेचे आहेत.

पहिला शब्द ‘इंडिया पेल एल’. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून लंडनच्या हॉजसन यांच्या कारखान्यातील आणि १८२०च्या दशकापासून बर्टन येथील फिकट, हॉप अधिक असलेली बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या मार्गाने कलकत्ता, मद्रास, मुंबई येथे येऊ लागली. ती खास समुद्रप्रवासासाठीच शोधली गेली, ही लोकप्रिय कथा इतिहासकारांना पूर्णपणे मान्य नाही. परंतु भारताच्या बाजारपेठेने तिला नाव दिले, हे खरे. पुढे भारतात लागर रूढ झाली आणि नावात भारत असलेले हे पेय भारतातूनच दिसेनासे झाले. ते येथे परतले ते अमेरिकेतील लहान उत्पादकांनी त्याचे पुनरुज्जीवन केल्यानंतर, २०१०च्या दशकात, ब्रू-पबच्या पत्रकावरील एक परदेशी प्रकार म्हणून.

दुसरा शब्द थेट मराठी मातीतला. नाशिकजवळील देवळाली येथे १८६१पासून ब्रिटिश सैनिकांची छावणी होती. मायदेशी जाणारी जहाजे हिवाळ्याच्या मोसमातच निघत, म्हणून मुदत संपलेले सैनिक देवळालीत महिनोन्महिने काही काम नसताना पडून राहत. कंटाळा, उन्हाळा, ज्वर आणि मद्य यांनी त्यांची मने बिघडत. या अवस्थेला सैनिकांच्या बोलीत ‘डूलाली टॅप’ असे नाव पडले. यातील ‘टॅप’ म्हणजे आपला ‘ताप’. पुढे ‘डूलाली’ एवढाच शब्द ‘डोके फिरलेला’ या अर्थाने इंग्रजीत स्थिरावला. २००९मध्ये पुण्यात जे ब्रू-पब निघाले, ते देशातील पहिल्या काही ब्रू-पबपैकी एक होते, आणि त्याने ‘डूलाली’ हेच नाव घेतले. देवळालीचे मराठी नाव गोऱ्या सैनिकांच्या तोंडी वेड बनले आणि शतकानंतर पुण्यात आनंदाचे नाव होऊन परतले. त्या नावाची पाटी वाचणाऱ्या किती मराठी माणसांना त्यात नाशिकचे गाव ऐकू येते, हा प्रश्न अनुवादाच्या अभ्यासकाने विचारण्याजोगा आहे.

हे दोन्ही शब्द परके होऊन परत आले. पेयाच्या आवडीची सबंध परिभाषा मराठीकडे अशीच परकी होऊन येत आहे काय, हा यातून निघणारा मोठा प्रश्न.

७

मराठीत मद्याविषयीचे शब्द थोडे नाहीत. चढणे, झिंगणे, तर्र होणे, टुल्ल होणे, कैफ, धुंदी, नशा, उतारा. ही यादी वाढविता येईल. परंतु हे सारे शब्द पेय घशाखाली उतरल्यानंतरच्या अवस्थेचे आहेत. जिभेवर असतानाचे शब्द त्यांत नाहीत.

तरीही भाषा या बाबतीत दरिद्री आहे, असे म्हणता येत नाही. ती संपत्ती दुसऱ्या खोलीत, स्वयंपाकघरात आहे. मराठीत कडू आणि कडसर वेगळे, गोड आणि गोडसर वेगळे, आंबट आणि आंबूस वेगळे. तुरट, खमंग, करपट, उग्र, मिळमिळीत या शब्दांतील भेद मराठी गृहिणीला शिकवावे लागत नाहीत. जर्मन धर्तीच्या गव्हाच्या बिअरमध्ये यीस्टमुळे जो गंध उत्पन्न होतो, तो पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा आहे. स्टाउटचा गंध भाजक्या धान्याचा, किंचित करपट. हॉपची चव कडसर, शेवटी तुरट. यातील एकही वर्णन मराठीला परके नाही. बिअरची मूळ प्रक्रियाही घरातलीच आहे. नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून जे ‘सत्त्व’ लहान मुलांना दिले जाते, ते तत्त्वतः माल्टच आहे. आणि नाचणीची आंबील हा धान्य आंबवून पिण्याचाच प्रकार. हीच नाचणी बेंगळुरू परिसरात ‘रागी’ या नावाने मुख्य अन्न आहे.

ज्यांचे पिणे कधी साहित्यात शिरले नाही, त्या लोकांच्या बोलीतही चवीचे शब्द टिकून आहेत. ‘पहिल्या धारेची’ हा प्रयोग भट्टीवरचा. ऊर्ध्वपातनात प्रथम येणारे मद्य अधिक कडक, म्हणून ‘अस्सल’ या अर्थाने तो सर्वसाधारण मराठीत रूढ झाला. नीरा आणि माडी यांतील भेद माडाचा रस किती वेळ आंबला यावर अवलंबून असतो, आणि किनारपट्टीवरील माणसाला तो चाखताच कळतो. गोव्यात काजूच्या रसापासून पहिल्या ऊर्ध्वपातनाने निघणारे सौम्य, उन्हाळ्यापुरते पेय ‘उर्राक’ आणि त्यापुढील कडक पेय ‘फेणी’ अशी स्पष्ट नावे आहेत. २००९मध्ये काजूच्या फेणीला भौगोलिक निर्देशांक मिळाला. गोव्यात पिणे हा अपराध ठरला नव्हता. म्हणून तेथे आवडीला नावेही राहिली आणि अखेर कायद्याची मान्यताही मिळाली, हा योगायोग म्हणता येणार नाही.

८

येथवरच्या विवेचनातून निषेधाच्या परंपरेने मराठीचे नुकसान केले, एवढाच निष्कर्ष काढणे अपुरे आणि अन्यायाचेही होईल. त्या परंपरेच्या मुळाशी सिंधू आहे. सुधाकराला कोणती चव आवडत होती हा प्रश्न सिंधूच्या घरात विचारला जाणे शक्यच नव्हते, कारण तेथे चूल पेटत नव्हती. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५मध्ये आलेली आणि २०२१मध्ये उठलेली दारूबंदी, त्याआधीची वर्धा आणि गडचिरोलीतील बंदी, आणि गावातील दुकान बंद करण्यासाठी स्त्रियांनी ‘आडव्या बाटली’वर केलेले मतदान, या सर्वांत सिंधूचाच आवाज आहे. ‘आडवी बाटली’ हे चिन्हही ‘प्याला’प्रमाणेच आतील पेयाविषयी काही सांगत नाही. स्त्रियांच्या दृष्टीने ते सांगण्याची आवश्यकताही नव्हती.

दुसरी बाजू वर्गाची. कर्नाटक सरकारने १ जुलै २००७पासून सारायीवर, म्हणजे स्वस्त देशी मद्यावर, बंदी घातली. त्यानंतर तीनचार वर्षांतच त्याच राज्यात ब्रू-पबचा मार्ग मोकळा झाला. दोन्ही निर्णयांची कारणे स्वतंत्र होती आणि पहिल्या निर्णयामागे गरीब घरांतील हानीची खरी चिंता होती. परंतु साहित्याच्या अभ्यासकाला त्यांचा एकत्रित परिणाम दिसल्यावाचून राहत नाही. मजुराचे पिणे व्यसन म्हणून वर्णिले गेले आणि संगणक अभियंत्याचे पिणे आवड म्हणून. पेयांतील भेद सांगण्याची भाषा ज्याच्याजवळ, त्याच्या पिण्याला रसिकतेचा दर्जा; ती ज्याच्याजवळ नाही, त्याच्या वाट्याला गुत्ता. रत्नाचे महत्त्व या ठिकाणी पूर्णपणे जाणवते. राजरत्नम् यांनी हेंडाला आवडीची भाषा दिली ती गरिबाच्या तोंडून आणि गरिबाच्या बोलीत. आज येलहंक्याच्या हमरस्त्यावरील पत्रकात असलेली परिभाषा रत्नाच्या गावातच, परंतु रत्नाला वगळून घडलेली आहे.

मराठीच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, आवडीची भाषा आणि हानीची भाषा या दोहोंना एकमेकींची गरज आहे. केवळ दुसरी असेल, तर पिणारा माणूस कायम दुसऱ्याच्या तोंडून बोलला जातो आणि त्याचे पिणे समजून घेण्याचा मार्ग बंद होतो. केवळ पहिली असेल, तर सिंधूची हकीकत पुसली जाते. मराठी साहित्याने दुसऱ्या भाषेत ‘एकच प्याला’सारखी श्रेष्ठ कृती दिली. पहिल्या भाषेची सामग्री मात्र स्वयंपाकघरात, माडीच्या आणि काजूच्या भट्टीवर, विखुरलेली राहिली आणि तिला कवी मिळाला नाही. बेंगळुरूत राहणाऱ्या मराठी माणसाला कन्नडातील रत्न शेजारी म्हणून उपलब्ध आहे. सुधाकर आणि रत्न ही दोन पात्रे एकत्र वाचणे, हे तौलनिक अभ्यासाचे राहून गेलेले काम आहे. आणि ते करावयास शहाजीराजांच्या काळापासून दोन भाषांची सवय असलेल्या या शहराइतकी योग्य जागा दुसरी क्वचितच असेल.